सीमा राखणारा प्रोसेसर : संगणकाच्या स्मृतीला चिपमधूनच संरक्षण

लखनौ : रेल्वेचा रूळ, सिग्नल, डबा आणि इंजिन कसे असावे, याची मानके संपूर्ण देशासाठी जेथे ठरतात, ती भारतीय रेल्वेची संशोधन, संरचना आणि मानक संघटना, म्हणजेच ‘आरडीएसओ’, लखनौच्या मानकनगरात आहे. दोन गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ या स्वदेशी यंत्रणेच्या ४.० आवृत्तीचे तपशीलपत्र या संस्थेने १६ जुलै २०२४ रोजी मंजूर केले. मराठवाड्यातून जाणारा मनमाड–मुदखेड मार्ग हा कवच बसविण्यात आलेल्या सुरुवातीच्या मार्गांपैकी एक आहे.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १९ जुलै रोजी, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठविलेली एक सदोष फाइल त्याला कारणीभूत ठरली. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, सॉफ्टवेअरला २० मूल्ये पुरविण्यात आली होती आणि ते एकविसावे मूल्य वाचण्यास गेले. नेमून दिलेल्या जागेच्या एक घर पलीकडे त्याने पाऊल टाकले होते.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मात्र रेल्वे, वीजपुरवठा, बंदरे, रुग्णालये आणि बँका यांचा कारभार ज्या संगणकांवर चालतो, त्यांतील ‘जागेच्या सीमे’ची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की ठळक होतो. आजवर ही जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर होती. ती प्रोसेसरवर, म्हणजे चिपवरच सोपवावी, या दिशेने गेली काही वर्षे जगभर आणि भारतातही काम सुरू आहे. त्या कामाचा हा आढावा.

चूक नेमकी कोणती?

संगणकाची स्मृती, म्हणजे मेमरी, ही क्रमांक दिलेल्या घरांची एक लांबच लांब रांग असते. प्रोग्राम आपली माहिती या घरांत ठेवतो आणि पुन्हा शोधण्यासाठी घराचा क्रमांक लक्षात ठेवतो. या क्रमांकाला ‘पॉइंटर’ म्हणतात. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत, ज्यांत आजही बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्रांमधील नियंत्रक प्रोग्राम लिहिलेले आहेत, पॉइंटर हा केवळ आकडा असतो. ती जागा किती मोठी आहे, कोणाची आहे, तेथे फक्त वाचता येते की लिहिताही येते, यांपैकी काहीही त्या आकड्यात नसते.

जमिनीच्या व्यवहाराची उपमा येथे उपयोगी पडते. खरेदीखतात केवळ गट क्रमांक लिहून भागत नाही. क्षेत्र, चतुःसीमा आणि हक्क यांची नोंद असावी लागते. सी भाषेतील पॉइंटर हे चतुःसीमा नसलेले खत आहे. ते हातात असलेला प्रोग्राम शेजारच्या शेतात नांगर घालू लागला, तरी त्याला अडविणारे कोणी नसते.

या चुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली जागेची : नेमून दिलेल्या सीमेपलीकडे वाचणे अथवा लिहिणे. दुसरी काळाची : जमीन विकली गेली तरी जुने खत वापरत राहणे, म्हणजे मोकळी करून दुसऱ्या कामाला दिलेली स्मृती जुन्याच पॉइंटरने हाताळणे. हल्लेखोर या दोन्हींचा फायदा घेतात. सीमेपलीकडे काय लिहिले जाईल, हे त्यांना ठरविता आले, तर प्रोग्रामचा पुढचा आदेशच बदलता येतो आणि यंत्राचा ताबा त्यांच्याकडे जातो.

फिंगर सेवेपासून न्हावाशेवापर्यंत

ही चूक नवी नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक हीच होती. ‘फिंगर’ नावाच्या सेवेतील ५१२ बाइटच्या जागेत त्याने अधिक लांबीचा मजकूर घातला. त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवरील हजारो संगणक त्यामुळे मंदावले. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात सर्व्हरला पाठविलेला छोटा संदेश परत मागितला जाई, पण त्याची लांबी खोटी आणि मोठी सांगितली जाई. सर्व्हर ती न तपासता एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत माहिती परत करीत असे. तीत इतरांचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही येऊ शकत होत्या.

महाराष्ट्राने या चुकीची किंमत २०१७ मध्ये मोजली. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली आणि तिच्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्याच्या प्रसाराच्या साधनांपैकी एक होते ‘इटर्नलब्लू’. विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या जुन्या यंत्रणेतील एका दोषावर ते बेतलेले होते. तेथे ३२ बिटांत नोंदवावयाचा आकार दुरुस्त करताना केवळ १६ बिट बदलले जात होते. परिणामी हिशेब चुकून माहिती आखलेल्या जागेबाहेर सांडत होती. त्याच वर्षी १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’नेही हाच दोष वापरला होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण ती सर्व संगणकांपर्यंत पोहोचली नव्हती.

अशा दोषांचे प्रमाण किती, याचे उत्तर मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीत मिळते. दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या हाताळणीतील होते. गूगलने क्रोम ब्राउझरमधील गंभीर दोषांचा आढावा घेतला, तेव्हाही प्रमाण जवळपास तेवढेच आढळले. दोन कंपन्या, दोन वेगळी उत्पादने आणि निष्कर्ष एकच.

भाषा बदलून का भागत नाही?

यावर एक उपाय म्हणजे सीमा स्वतः तपासणाऱ्या भाषांत प्रोग्राम लिहिणे. जावा, गो आणि विशेषतः रस्ट या भाषा त्यासाठीच पुढे आल्या. अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधील राष्ट्रीय सायबर संचालक कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्मृती-सुरक्षित भाषांचा पुरस्कार करण्यात आला. त्याच अहवालाने स्मृतीचे संरक्षण करणाऱ्या हार्डवेअरचाही उल्लेख केला.

नव्या प्रोग्रामसाठी हा मार्ग योग्य आहे. अडचण जुन्यांची आहे. पाच दशकांत सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिल्या गेलेल्या कोट्यवधी ओळी आज वापरात आहेत. त्या नव्याने लिहिणे खर्चीक तर आहेच, शिवाय पुनर्लेखनात नव्या चुका शिरण्याचा धोका असतो. ज्या यंत्रणेची सुरक्षा चाचणी आणि प्रमाणन होण्यास वर्षे लागतात, तेथे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. म्हणून जुना प्रोग्राम फारसा न बदलता, त्याच्या प्रत्येक पावलावर चिपने लक्ष ठेवावे, हा विचार बळावला.

‘चेरी’ : चतुःसीमेसह पॉइंटर

या विचाराचे सर्वांत परिपूर्ण रूप म्हणजे ‘चेरी’. ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल ही संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या विभागाच्या साहाय्याने हे काम सुरू केले. रॉबर्ट वॉटसन, सायमन मूर आणि पीटर न्यूमन हे त्यातील प्रमुख संशोधक.

चेरीमध्ये ६४ बिटांच्या साध्या पॉइंटरची जागा १२८ बिटांची ‘कॅपॅबिलिटी’ घेते. तिच्यात पत्त्यासोबत जागेची खालची व वरची सीमा आणि परवानग्या नोंदविलेल्या असतात : वाचता येईल का, लिहिता येईल का, तेथील मजकूर आदेश म्हणून चालविता येईल का. प्रोग्राम स्मृतीला स्पर्श करतो, तेव्हा प्रत्येक वेळी प्रोसेसर या नोंदी पाहतो. सीमा ओलांडली जात असेल, तर ती कृती होतच नाही.

हे खत बनावट निघू नये, यासाठी दोन नियम आहेत. पहिला, प्रत्येक कॅपॅबिलिटीसोबत एका बिटाची खूण असते आणि ही खूण प्रोग्रामला थेट लिहिता येत नाही. साध्या माहितीप्रमाणे कॅपॅबिलिटीत खाडाखोड केली, की प्रोसेसर ती खूण पुसून टाकतो. खत उरते, पण त्यावरील निबंधकाचा शिक्का जातो. दुसरा, असलेल्या कॅपॅबिलिटीतून नवी तयार करताना हक्क कमी करता येतात, वाढविता येत नाहीत. दहा गुंठ्यांच्या मालकाला चार गुंठे देता येतात, बारा नाही. काळाच्या चुकीसाठी, मोकळ्या झालेल्या जागेची जुनी खते स्मृतीत शोधून रद्द करण्याची पद्धत संशोधकांनी विकसित केली आहे.

या रचनेचा आणखी एक उपयोग म्हणजे कप्पे. जहाजाच्या तळाला भोक पडले, तरी पाणी एकाच कप्प्यात राहावे, तसे एकाच प्रोग्रामचे भाग परस्परांपासून वेगळे ठेवता येतात. चित्र उघडणाऱ्या भागात दोष असला, तरी पासवर्ड राखणाऱ्या भागापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

ब्रिटिश सरकारने २०१९ मध्ये ७ कोटी पौंडांची तरतूद असलेला कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून आर्म कंपनीने ‘मोरेलो’ हा प्रायोगिक प्रोसेसर तयार केला. त्याचे बोर्ड जानेवारी २०२२ पासून संशोधकांना मिळू लागले. जुने प्रोग्राम कितपत बदलावे लागतील, हे पाहण्यासाठी २०२१ मध्ये सुमारे ६० लाख ओळींच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर प्रयोग झाला. त्यात केवळ ०.०२६ टक्के, म्हणजे सुमारे दीड हजार ओळींत बदल करावा लागला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मधील आपल्या स्मृती-दोषांचा अभ्यास केला. त्यांपैकी किमान दोन तृतीयांश दोष चेरीने निश्चितपणे निष्प्रभ झाले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. लहान नियंत्रक चिपसाठी याच कल्पनेवर आधारलेली ‘चेरीओट’ ही रचना मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये खुली केली.

जुनी कल्पना, उशिरा आलेली वेळ

चिपनेच सीमा तपासावी, ही कल्पना चेरीहून बरीच जुनी आहे. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या बरोज कंपनीच्या बी ५००० संगणकात तिची बीजे होती. केंब्रिजमध्येच १९७० च्या दशकात ‘कॅप’ हा संगणक बांधला गेला. इंटेलने १९८१ मध्ये ‘आयएपीएक्स ४३२’ हा महत्त्वाकांक्षी प्रोसेसर आणला, पण तो इतका मंद ठरला की बाजारात टिकला नाही. इंटेलनेच २०१५ मध्ये ‘एमपीएक्स’ ही सीमा तपासणारी सोय दिली. तीही महाग आणि अपुरी ठरून काही वर्षांतच मागे पडली.

या अपयशांचा धडा स्पष्ट आहे. वेग फार घटला किंवा सगळे प्रोग्राम नव्याने लिहावे लागले, तर सुरक्षितता कितीही चांगली असो, ती कोणी घेत नाही. आजच्या रचना म्हणूनच जुन्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यावर भर देतात.

बाजारात आधी पोहोचली, ती त्याहून सौम्य पद्धत. आर्मने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘मेमरी टॅगिंग’मध्ये स्मृतीच्या प्रत्येक १६ बाइटांना चार बिटांचे टोकन दिले जाते आणि तेच टोकन पॉइंटरमध्येही ठेवले जाते. दोन्ही जुळली तरच प्रवेश. देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर बिल्ला दाखवून चप्पल परत मिळावी, तसा हा व्यवहार आहे. मात्र टोकने १६ प्रकारचीच असल्याने चुकीचे टोकन योगायोगाने जुळण्याची शक्यता उरते. गूगलच्या पिक्सेल ८ फोनमध्ये २०२३ साली ही सोय आली. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ मालिकेत तिचे अधिक कडक रूप कायम सुरू राहील अशा रीतीने दिले.

भारतीय प्रोसेसर आणि ‘शक्ती-एमएस’

या संशोधनात भारताचा वाटा आहे आणि त्याचे केंद्र मद्रास आयआयटी आहे. प्राध्यापक व्ही. कामकोटी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे २०१४ मध्ये ‘शक्ती’ हा प्रोसेसर प्रकल्प सुरू झाला. तो ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आदेशसंचावर आधारलेला आहे. येथे ‘रिस्क’चा अर्थ धोका नव्हे, तर मोजक्या आदेशांवर चालणारी संगणक रचना. हा आदेशसंच वापरण्यास परवाना शुल्क लागत नाही आणि त्यात स्वतःचे नवे आदेश जोडता येतात. स्मृती-सुरक्षेच्या दृष्टीने दुसरी मुभा निर्णायक आहे. परकीय कंपनीच्या बंद रचनेत असा बदल करण्याची सोयच नसते.

या मुभेचा उपयोग करून मद्रासच्या गटाने २०१७ मध्ये ‘शक्ती-टी’ आणि २०१९ मध्ये ‘शक्ती-एमएस’ या रचना मांडल्या. कामकोटी यांच्यासह प्राध्यापक चेस्टर रेबेरो यांचा त्यात सहभाग होता. ‘एमएस’ म्हणजे मेमरी सेफ्टी. त्यात पॉइंटरसोबत त्याच्या सीमेची माहिती आणि एक खूण बाळगली जाते. त्यामुळे जागेची आणि काळाची अशा दोन्ही चुका प्रोग्राम चालू असतानाच पकडल्या जातात. सीमेची माहिती ठेवण्यासाठी स्मृतीत वेगळा तक्ता लागत नाही. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, नवे आदेश आपोआप घालतो. शोधनिबंधातील नोंदीनुसार, प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग घटला नाही, प्रोग्रामचा आकार ११ टक्क्यांनी वाढला आणि तो चालण्यास सरासरी १३ टक्के अधिक वेळ लागला. घरगुती उपकरणे आणि उद्योगांतील लहान नियंत्रक डोळ्यांसमोर ठेवून हे काम झाले. हे आकडे संशोधनातील चाचण्यांचे आहेत. प्रयोगशाळेतून उत्पादनापर्यंतचा पल्ला निराळा.

दरम्यान देशी प्रोसेसरांचे कुटुंब वाढत आहे. मुंबई आयआयटीने २०१९ मध्ये ‘अजित’ हा प्रोसेसर सादर केला. त्याची चिप मोहाली येथील सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. ‘परम’ महासंगणकासाठी मराठी वाचकांना परिचित असलेल्या सी-डॅक संस्थेने ‘वेगा’ ही मालिका विकसित केली. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांसाठी ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला. शक्तीवर आधारित ‘आयरिस’ ही अवकाश उपयोगाची चिप मद्रास आयआयटी आणि इस्रो यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये यशस्वीपणे कार्यान्वित केली. लखनौच्या शेजारी कानपूर आयआयटीत वीज आणि पाणीपुरवठ्यासारख्या यंत्रणांच्या सायबर सुरक्षेसाठी ‘सी-थ्री-आय हब’ हे केंद्र कार्यरत आहे.

मर्यादा कोणत्या?

चिपमधील पहारा हा सर्व रोगांवरचा उपाय नाही. चोरलेला पासवर्ड, फसवा ई-मेल किंवा प्रोग्रामच्या तर्कातील चूक त्याला दिसत नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या दोषांनी चिपची रचनाही माहिती गळू देऊ शकते, हे दाखवून दिले. मेमरी टॅगिंगमधील टोकनेही अशाच मार्गाने ओळखता येतात, असे संशोधकांनी २०२४ मध्ये सिद्ध केले. कॅपॅबिलिटी दुप्पट जागा घेते, त्यामुळे स्मृती आणि वीज यांचा खर्च काही प्रमाणात वाढतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेगळी आहे. असा प्रोसेसर चूक दुरुस्त करीत नाही, तो थांबतो. १९ जुलै २०२४ चे संकट चेरीने आपोआप टळले असते, असे म्हणता येत नाही. कप्पे नसतील, तर सीमा ओलांडताच यंत्रणा तेव्हाही बंदच पडली असती. फरक असा की, त्या दिवशी संगणक थांबले, ते वाचलेला पत्ता वैध नसल्यामुळे. तो दुसऱ्या कोणाच्या वैध जागेचा निघाला असता, तर संगणक न थांबता चुकीच्या माहितीवर पुढे चालत राहिला असता. चतुःसीमा तपासणारा प्रोसेसर दोन्ही वेळा थांबतो. कप्पे नीट पाडलेले असतील, तर केवळ सदोष भाग थांबतो आणि उरलेली यंत्रणा चालू राहते.

रेल्वेचा जुना नियम

रेल्वेला हे तत्त्व नवीन नाही. सिग्नल यंत्रणेत बिघाड झाला, तर गाडी थांबली पाहिजे, म्हणजे शंका आली की सिग्नल लाल, हा ‘फेल-सेफ’ नियम तिच्या रचनेचा पाया आहे. कवचसाठी ‘सिल-४’ ही सर्वोच्च सुरक्षा पातळी अपेक्षित आहे. धोकादायक बिघाडाची शक्यता १० कोटी तासांत एकदाहून कमी असावी, असा तिचा अर्थ. यंत्राचा एखादा भाग निकामी होण्याचा धोका, दोन किंवा तीन संगणकांची उत्तरे ताडून पाहून टाळता येतो. पण सर्वांवर एकच प्रोग्राम चालत असेल, तर त्यातील चूकही सर्वांत एकच असते आणि उत्तरे जुळूनही ती चुकीची असू शकतात. अशा यंत्रणांसाठी प्रोग्रामची चाचणी अत्यंत काटेकोर केली जाते, ती याचसाठी. प्रत्येक पावलावर सीमा तपासणारी चिप या चाचणीची जागा घेणार नाही, मात्र चाचणीतून निसटलेल्या चुकीला ती लाल सिग्नल दाखवू शकते.

अशी चिप आपण होऊन बाजारात येणे कठीण असते, कारण ग्राहकाला तिचा वेग दिसतो, टळलेला हल्ला दिसत नाही. वेगातील दहा-बारा टक्क्यांची घट कोणती कंपनी स्वतःहून स्वीकारील, हा प्रश्न उरतो. तेथे तपशीलपत्राचे महत्त्व येते. ब्रिटनमध्ये सरकारी निधीने पहिला धक्का दिला. भारतात रेल्वे, वीज, संरक्षण आणि अवकाश ही क्षेत्रे स्वतःची मानके ठरवितात आणि खरेदीही मोठ्या प्रमाणावर करतात. देशी प्रोसेसर अजून घडत आहेत, त्यांचे आदेशसंच खुले आहेत आणि त्यांवर जुन्या प्रोग्रामचे ओझेही तुलनेने कमी आहे. चिप एकदा लाखोंच्या संख्येने यंत्रांत बसली, की तिच्यात सीमारक्षक नंतर नेमता येत नाही. तो नेमावयाचा असेल, तर चिपचा आराखडा कागदावर असतानाच नेमावा लागतो.